चालणे कमी झाले आहे? खाट खिडकीकडे वळवा आणि पक्षी बघा

गुडघ्यांची झीज, खुब्याचे फ्रॅक्चर, पक्षाघात, पार्किन्सन, सीओपीडी, हार्ट फेल्युअर. आजारांची नावे वेगवेगळी, पण हे रुग्ण दवाखान्यात आले की एक वाक्य मला वारंवार ऐकू येते : "डॉक्टर, बाकी सगळं ठीक आहे, पण दिवस जात नाही."

गुडघ्यासाठी गोळी लिहिली जाते, दम्यासाठी पंप, ब्लड प्रेशरसाठी आणखी एक गोळी. 'दिवस जात नाही' ही तक्रार मात्र केसपेपरवर बहुधा लिहिलीच जात नाही. घरचे लोक टीव्ही लावून देतात किंवा हातात मोबाईल देतात. वेळ सरतो, पण संध्याकाळी मुलाने येऊन विचारले, "काय बाबा, आज काय विशेष?" तर सांगण्यासारखे काही नसते.

माझे मत असे आहे, की ज्यांचे चालणे-फिरणे कमी झाले आहे त्यांच्या उपचारात औषध, व्यायाम आणि आहार यांच्याबरोबर रोज बघण्यासारखे आणि वाट पाहण्यासारखे काहीतरी असायलाच हवे. घराजवळचे पक्षी बघणे हा त्यासाठीचा एक चांगला, स्वस्त आणि जवळपास प्रत्येकाला जमणारा मार्ग आहे. हे का म्हणतो आणि सुरुवात कशी करायची, ते आज सविस्तर बघू.

घरात बसून राहिल्याने नेमके काय बिघडते?

हालचाल थांबली की काही दिवसांतच मांडीचे आणि पोटऱ्यांचे स्नायू बारीक व्हायला लागतात. बद्धकोष्ठता होते, पायांना सूज येते, पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, एकाच कुशीवर पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात. हे बहुतेकांना ठाऊक असते.

दोन गोष्टींकडे मात्र दुर्लक्ष होते. पहिली म्हणजे झोपेचे घड्याळ. आपल्या मेंदूतले हे घड्याळ सकाळच्या उजेडावर लावले जाते. आतल्या खोलीत, पडदे ओढून, दिवसभर ट्यूबलाईटखाली पडलेल्या माणसाला दुपारी झोप येते आणि रात्री दोन वाजता तो टक्क जागा असतो. मग झोपेच्या गोळीची मागणी होते, आणि झोपेच्या गोळीने ज्येष्ठांचा तोल जाऊन पडण्याचा धोका आणखी वाढतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मन. जो माणूस काल बँकेत जात होता, भाजी आणत होता, त्याच्याकडे आज लोक फक्त 'गोळी घेतली का', 'पोट साफ झालं का' एवढेच विचारतात. पडतील या भीतीने घरचे त्याला उठू देत नाहीत. ही भीती खोटी नाही, पण 'उठू नका, आम्ही आणून देतो' असे दिवसातून दहा वेळा ऐकले की माणसाचे जग खाटेएवढे होते. इथून नैराश्याची सुरुवात व्हायला वेळ लागत नाही.

पण पक्षीच का?

हा प्रश्न योग्य आहे. झाडे, ढग, रस्त्यावरची माणसे, काहीही बघता येते. पक्ष्यांचा फायदा असा, की ते आपल्याकडे येतात. आपल्याला त्यांच्यामागे जावे लागत नाही. ते दिवसा जागे असतात, ठरावीक वेळी येतात, आवाज करतात, भांडतात, घरटी बांधतात, पिल्ले वाढवतात. त्यामुळे आज जे बघितले त्याचा पुढचा भाग उद्या असतो. 'उद्या काय होईल' अशी उत्सुकता असलेला रुग्ण आणि ती नसलेला रुग्ण यांच्यातला फरक मला तपासताना दिसतो.

याबाबत थोडे संशोधनही आहे. रॉजर उल्रिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि ज्या २३ रुग्णांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती, त्यांच्या नोंदींची तुलना त्याने केली. झाडे दिसणाऱ्या रुग्णांना सरासरीने लवकर घरी सोडण्यात आले होते आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली होती. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०२२ मध्ये सुमारे १,३०० लोकांचा मोबाईल ॲपद्वारे केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पक्षी दिसल्यावर किंवा ऐकू आल्यावर लोकांना बरे वाटत होते आणि तो परिणाम काही तास टिकत होता. नैराश्याचे निदान झालेल्या लोकांमध्येही हे दिसले.

या अभ्यासांचा अर्थ ताणून काढू नये. पक्षी बघून गुडघ्याची झीज भरून येत नाही, साखर उतरत नाही आणि नैराश्याचे औषध बंद करता येत नाही. 'निसर्गोपचार' म्हणून कोणी हे विकत असेल तर विश्वास ठेवू नका. मन ताळ्यावर ठेवायला आणि दिवसाला वेळापत्रक द्यायला याची मदत होते, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि तेवढे पुष्कळ आहे.

सुरुवात : आधी जागा बदला

अनेक घरांत आजारी माणसाची खाट सर्वात आतल्या खोलीत, भिंतीकडे किंवा टीव्हीकडे तोंड करून असते. 'पाहुण्यांचा त्रास नको' हे कारण सांगितले जाते. माझी पहिली सूचना खाटेबद्दल असते. रुग्णाला उशीवर डोके ठेवून आकाशाचा किंवा झाडाचा थोडा तरी तुकडा दिसेल अशी खाट फिरवा. ते शक्य नसेल तर दिवसातून दोनदा त्याला खिडकीजवळ किंवा गॅलरीत खुर्चीवर बसवा.

खुर्ची कशी असावी? हात असलेली, पाठ टेकता येईल अशी, आणि पाय जमिनीला पूर्ण टेकतील एवढ्या उंचीची. फार खोल सोफ्यातून उठताना गुडघेदुखीच्या रुग्णाचे हाल होतात. प्लास्टिकची हलकी खुर्ची गुळगुळीत फरशीवर सरकते, ती टाळा. व्हीलचेअर असेल तर ब्रेक लावल्याशिवाय पुढे वाकू नये. गॅलरीत पावसाचे पाणी साचत असेल तर आधी ते पुसून घ्या.

वेळ सकाळी उजाडल्यापासून साधारण दीड-दोन तासांची उत्तम. संध्याकाळी सूर्य मावळण्याआधीचा तासही चांगला. भर दुपारी बहुतेक पक्षी सावलीत गप्प असतात, तेव्हा तुम्हीही वामकुक्षी घ्या.

पहिल्या आठवड्यात दुर्बीण, पुस्तक, ॲप काहीच नको. एक वही आणि पेन पुरे. तारीख, वेळ आणि 'काळा-पांढरा, चिमणीपेक्षा मोठा, शेपटी वर, टीव्हीच्या छत्रीवर बसून गात होता' एवढे लिहा. नाव नंतर सापडते. लिहिताना हात थरथरत असेल तर बोलून मोबाईलवर रेकॉर्ड करा किंवा नातवंडांना लिहायला सांगा.

गॅलरीतून काय काय दिसते?

"आमच्याकडे कावळे आणि कबुतरं सोडून काही नाही हो," असे बहुतेक जण सांगतात. पंधरा दिवस नीट बघितल्यावर हेच लोक दहा-बारा नावे सांगतात. भारतात पक्ष्यांच्या १,३०० हून अधिक जाती आहेत. त्यातल्या पाच-पंधरा तुमच्या खिडकीवरून रोज जातात, असे समजायला हरकत नाही.

*बुलबुल* : डोक्यावर काळा तुरा आणि शेपटीखाली लाल डाग. जोडीने फिरतो. कुंड्यांमध्ये आणि ट्यूबलाईटच्या पट्टीवरसुद्धा घरटे करतो.

*शिंजीर किंवा सूर्यपक्षी* : चिमणीपेक्षा लहान, बाकदार चोच. विणीच्या हंगामात नर उन्हात जांभळा-निळा चमकतो, एरवी मळकट पिवळा दिसतो आणि छातीवर मधोमध गडद पट्टा उरतो. कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेले त्याचे लोंबते घरटे पुष्कळदा गॅलरीतल्या वेलीवर किंवा कपड्यांच्या दोरीवर असते. अंडी मादी उबवते, पिल्लांना मात्र दोघेही भरवतात.

*शिंपी* : पानांच्या कडा खरोखरच शिवून घरटे करणारा. एवढासा जीव आणि आवाज केवढा मोठा!

*दयाळ* : काळा-पांढरा. उन्हाळ्यात पहाटे सर्वात उंच जागी बसून सुरेल गातो. थंडीत बहुतेक गप्पच असतो.

*तांबट* : हिरवा, कपाळावर लाल टिळा. भर उन्हात तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा 'टुक टुक टुक' आवाज काढत राहतो. ऐकू रोज येतो, दिसायला मात्र चिकाटी लागते.

*वेडा राघू* : हिरवा, सडपातळ, शेपटीतून एक काडी बाहेर आलेली. तारेवरून झेप घेतो, किडा पकडतो आणि पुन्हा त्याच तारेवर येऊन बसतो. एकाच जागी परत येत असल्याने खुर्चीत बसलेल्या माणसासाठी हा फार सोयीचा पक्षी आहे.

*कोकीळ* : 'कुहू कुहू' करणारा नर काळाभोर असतो. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. कावळ्यांनी पाठलाग केलेली कोकिळा एकदा दिसली की पुढचे चार दिवस बोलायला विषय मिळतो.

याशिवाय साळुंक्या, पोपट, भारद्वाज, कोतवाल, होले, शेपटीचा पंखा करून नाचणारा नाचण, आकाशात घिरट्या घालणाऱ्या घारी, इमारतींच्या कोपऱ्यांत घरटी करणाऱ्या पाकोळ्या, संध्याकाळी रांगेने घरी परतणारे बगळे. पावसाळ्याच्या तोंडावर पावशा 'पेरते व्हा' म्हणतो, तो गावाकडच्या रुग्णांना मी आठवण करून द्यायच्या आतच आठवतो. हिवाळ्यात गच्चीवर किंवा मैदानात शेपटी सतत वर-खाली करत चालणारा धोबी दिसला, तर तो लांबचा पाहुणा आहे असे समजा.

तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर अडकून पडलेल्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. जंगलात जाणारे पक्षीनिरीक्षक झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी बघण्यासाठी मान मोडेस्तोवर वर बघत असतात. तुमच्या गॅलरीतून तोच शेंडा डोळ्यांसमोर असतो. लिफ्ट बंद पडणाऱ्या इमारतीत राहण्याचा हा एकच फायदा मला माहीत आहे.

दिसत नसेल तर ऐका, ऐकू येत नसेल तर तपासा

ज्यांची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते किंवा ज्यांची नजर अधू झाली आहे, त्यांनी कानांनी पक्षी ओळखावेत. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचे 'मर्लिन' हे मोफत ॲप आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सुचवते, आपल्याकडच्या पक्ष्यांचेही. फोन खिडकीत ठेवायचा आणि बघत राहायचे. ते चुकतेही, त्यामुळे त्याला सल्लागार समजा, न्यायाधीश नको.

यात एक वैद्यकीय मुद्दाही आहे. वयानुसार ऐकू येणे कमी होते तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज जातात. भारद्वाजाचा खर्जातला घुमणारा आवाज ऐकू येतो, पण शिंजिराची बारीक चिवचिव सुनेला ऐकू येते आणि सासूबाईंना नाही, असे होत असेल तर कानाची तपासणी करून घ्या. तसेच दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने बघा. एका डोळ्याने पोपट झगझगीत हिरवा आणि दुसऱ्याने मळकट दिसत असेल तर मोतीबिंदू असू शकतो. 'वयच झालं' म्हणून या गोष्टी सोडून देऊ नका. दोन्हींवर चांगले उपाय आहेत.

दुर्बीण घ्यायची असेल तर

महिनाभर गोडी टिकली तरच घ्या. दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. 'जास्त पट म्हणजे चांगली' या समजाने लोक १२ किंवा २० पटीची घेतात आणि फसतात, कारण हाताची थरथरही तितक्याच पटीने मोठी दिसते. पार्किन्सन, थायरॉईड किंवा वयामुळे हात कापत असेल तर ७ किंवा ८ पटीची, हलकी दुर्बीण घ्या. कोपरे खुर्चीच्या हातांवर किंवा टेबलावर टेकवा. तरीही जमत नसेल तर छोट्या स्टँडवर बसवा. पक्षाघातामुळे एकच हात चालत असेल तर एका डोळ्याने बघायची, एका हातात मावणारी छोटी दुर्बीणही मिळते.

चष्मा असेल तर तो न काढता बघता येते, डोळ्यांपाशी असलेले रबरी कप खाली दुमडायचे किंवा फिरवून आत घ्यायचे. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, एक क्षणही बघू नका. डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होते.

आजारानुसार घ्यायची काळजी

ब्लड प्रेशर आणि लघवीच्या गोळ्या घेणारे : पहाटे दयाळ गायला लागला म्हणून घाईने उठू नका. आधी अंथरुणातच उठून बसा, पाय खाली सोडून दोन मिनिटे थांबा, मग आधार घेऊन उभे राहा. एकदम उठल्याने प्रेशर खाली जाऊन चक्कर येते आणि पडण्याच्या कित्येक घटना इथेच घडतात.

डायबिटीस : इन्सुलिन घेऊन गॅलरीत बसलात आणि नाश्ता राहून गेला, असे होऊ देऊ नका. आधी खा, मग बघा.

मानेचा आजार आणि चक्कर : मान मागे टाकून वर बघितल्यावर ज्यांना गरगरते त्यांनी खुर्ची आत, खिडकीपासून लांब ठेवावी. लांबून बघितले की मान कमी उचलावी लागते.

दमा आणि सीओपीडी : थंडीत सकाळी धुरके आणि शेकोट्यांचा धूर असतो. तेव्हा बंद काचेआडून बघा आणि ऊन चढल्यावर बाहेर बसा.

पक्षाघात : 'पक्ष' म्हणजे बाजू आणि 'पक्ष' म्हणजे पंखही, त्यामुळे या आजाराचे आणि पक्ष्यांचे नाव एकाच शब्दातून आले आहे. काही रुग्णांचे एका बाजूकडे लक्षच जात नाही. त्यांची खिडकी कोणत्या बाजूला असावी हे फिजिओथेरपिस्टला विचारा. लक्ष न जाणाऱ्या बाजूकडे बघायला काही निमित्त मिळाले तर त्याचा उपयोग व्यायामासारखा करता येतो. बोलणे अडखळत असेल तर दिसलेल्या पक्ष्याचे नाव उच्चारणे हा सरावही होतो.

विसरभोळेपणा, डिमेन्शिया : 'ओळखा पाहू, हा कोणता?' अशी परीक्षा घेऊ नका. उत्तर आले नाही की माणूस खजील होतो. 'हा बघा बुलबुल आला' असे आपणच सांगावे. लहानपणी गावात ऐकलेली पक्ष्यांची नावे कधीकधी कालच्या जेवणापेक्षा पक्की लक्षात असतात, ती निघाली तर ऐकत बसावे.

आणि सर्वांसाठी : सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका. ज्यांना उभे राहता येते त्यांनी खुर्चीचे हात धरून दर अर्ध्या तासाने चार-पाच वेळा उठ-बस करावी. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी बसल्या बसल्या घोटे वर-खाली करावेत. माझ्या काही रुग्णांनी याचा नियमच केला आहे, दर नव्या पक्ष्यामागे एकदा उभे राहायचे. त्यांच्या फिजिओथेरपिस्टची यावर काही तक्रार नाही.

कबुतरांना दाणे घालणे म्हणजे पक्षीनिरीक्षण नव्हे

हा मुद्दा नाजूक आहे, पण सांगणे भाग आहे. गॅलरीत धान्य टाकले की बाकी पक्षी बाजूला राहतात आणि पारवे, म्हणजे आपली कबुतरे, झुंडीने येतात. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेल्याने काही लोकांना फुफ्फुसांचा 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस' हा आजार होतो. सुरुवातीला कोरडा खोकला आणि चालताना धाप, एवढेच असते. वेळेत कारण दूर केले नाही तर फुफ्फुसे कायमची कडक होऊ शकतात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना या विष्ठेतल्या बुरशीचा संसर्गही होऊ शकतो. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून जो वाद झाला त्यात श्रद्धेची बाजू आणि आरोग्याची बाजू दोन्ही मांडल्या गेल्या. डॉक्टर म्हणून माझी बाजू स्पष्ट आहे. ज्या घरात आजारी माणूस दिवसभर बसून आहे, त्या घराच्या गॅलरीत कबुतरांना दाणे घालू नयेत.

मग पक्षी यावेत म्हणून काय करावे? उथळ मातीच्या भांड्यात पाणी ठेवा. ते रोज बदला आणि भांडे घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तयार होतील. कुंडीत जास्वंद, तुळस, कढीपत्ता लावा. चिमण्यांसाठी लाकडी घरटे टांगता येते. विष्ठा साफ करायची असेल तर कोरडी झाडू नका. आधी पाणी मारा, तोंडाला मास्क लावा, आणि हे काम रुग्णाने स्वतः करू नये. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका.

'त्यापेक्षा बाबांना पिंजऱ्यात एक पोपट आणून देतो,' असेही काही जण म्हणतात. आपल्याकडचे जंगली पोपट पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. आणि स्वतः खोलीत अडकलेल्या माणसासमोर आणखी एक अडकलेला जीव ठेवून काय साधणार?

"डॉक्टर, हे पैसेवाल्यांचे छंद"

हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकतो. लांब लेन्सचे कॅमेरे आणि अभयारण्यांच्या सहली बघून तसे वाटणे साहजिक आहे. पण चाळीच्या खोलीतून दिसणाऱ्या आकाशाच्या पट्टीत घारी आणि पाकोळ्या असतातच, आणि त्यांना तिकीट नाही. सलीम अलींचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ मध्ये आले तेव्हापासून सामान्य माणसाला पक्षी ओळखता यावेत म्हणून आपल्याकडे काम होत आले आहे. मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांची मराठी आणि बोलीभाषांतली नावे जमवली, 'पक्षीकोश' लिहिला. या दोघांच्या जन्मदिवसांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' ही जगभराची गणना असते. कमीत कमी १५ मिनिटे एका जागी बसून दिसलेले पक्षी मोजायचे आणि 'ईबर्ड' या संकेतस्थळावर कळवायचे. गॅलरीत बसून केलेली नोंदही तिथे तितकीच धरली जाते. घरात बसून आपण कोणाच्या उपयोगी पडत नाही असे वाटणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

घरच्यांना आणि सोसायटीला चार शब्द

घरच्यांनी एवढेच करावे : दिवसातून एकदा, दहा मिनिटे, शेजारी बसून 'आज कोण आलं होतं?' असे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. सांभाळणाऱ्या माणसालाही ती दहा मिनिटे विश्रांतीची मिळतात.

रुग्ण बघायलाच तयार नसेल तर जबरदस्ती करू नका. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ कशातच रस नसणे, जेवण कमी होणे, सतत रडू येणे, 'आता जगून काय करायचं' असे बोलणे, यातले काही असेल तर ते नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांना दाखवा. जीव देण्याची भाषा असेल तर त्याच दिवशी दाखवा, आणि तोवर त्यांना एकटे ठेवू नका.

राहिली सोसायटी आणि नगरपालिका. अमेरिकेत व्हर्जिनिया रोझ या व्हीलचेअर वापरणाऱ्या बाईंनी 'बर्डेबिलिटी' ही संस्था सुरू केली. पक्षी बघायच्या जागी व्हीलचेअर जाते का, बसायला बाक आहे का, पायऱ्या किती, याची माहिती ही संस्था लोकांकडून गोळा करते. आपल्याकडे अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला, तरी कितीतरी बागांच्या दारात अजून गुरे आत येऊ नयेत म्हणून लावलेले आडवे खांब आहेत. त्यातून गुरे जात नाहीत आणि व्हीलचेअरही जात नाही. आत गेल्यावर बाक कुठेतरी लांब असतात, तिथवर गुडघेदुखीचा माणूस पोहोचत नाही. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये एक रॅम्प आणि झाडाखाली पाठ टेकता येईल असा एक बाक, एवढी मागणी मांडा. सजावटीच्या कारंज्यापेक्षा त्याला खर्च कमी येतो.

तोपर्यंत आज एक काम करा. घरात कोणाची खाट भिंतीकडे तोंड करून असेल तर ती फिरवा. उद्या सकाळी पडदा सरकवा, चहा खिडकीपाशी द्या आणि वही-पेन जवळ ठेवा. पुढच्या वेळी तपासणीला येताना ती वही घेऊन या. ब्लड प्रेशरच्या नोंदींबरोबर मी तीही बघेन.